व्येलिच्काची मीठखाण: पैसे वसूल होतात, पण झुंबरांमुळे नव्हे

पोलंडमधल्या क्राकुफ शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आत असलेली व्येलिच्काची मिठाची खाण युरोपच्या सहलीत बहुतेक टूर कंपन्या 'अर्धा दिवस' म्हणून बसवतात. जाहिरातीतला फोटो ठरलेला असतो: मिठाचं चर्च आणि मिठाची झुंबरं. तेवढंच बघायला जाणारा माणूस आठशे पायऱ्यांची पायपीट करून थोडा नाराज होऊनच बाहेर येतो. माणसांनी सातशे वर्षं मीठ कसं उपसलं आणि वरून झिरपणाऱ्या पाण्याला कसं थोपवून धरलं, हे डोक्यात ठेवून उतरलात तर मात्र युरोपात यापेक्षा चांगले तीन तास मिळणं कठीण. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

आधी पहिला अपेक्षाभंग सांगून टाकू. मीठ पांढरं नसतं. भिंती करड्या, काळपट, मध्येच हिरवट छटेच्या दिसतात. ताशीव दगड वाटावा अशा. खनिज मिठात चिकणमाती आणि वाळूचे कण अडकलेले असल्यामुळे हा रंग येतो. बोट ओलं करून भिंतीला लावा आणि जिभेला लावा, मग खात्री पटते. गाइड स्वतःच भिंत चाटून बघा म्हणतात. फक्त हाताच्या उंचीवरच्या जागेला रोज हजारो लोकांनी हात लावलेला असतो, तेव्हा जरा खाली वाकून जागा निवडलेली बरी.

हे मीठ आलं कुठून? सुमारे 1 कोटी 35 लाख वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तो आटला, मिठाचे थर बसले, आणि दक्षिणेकडून कार्पेथियन डोंगर सरकत आले तसे ते थर चुरगळून दुमडले. खालच्या भागात थर राहिले, वरच्या भागात मिठाचे अवाढव्य गड्डे चिकणमातीत रुतून बसले. खाणीतल्या दालनांचे आकार इतके वेडेवाकडे का, याचं उत्तर इथेच आहे. कुणी खोल्या आखून खोदल्या नाहीत. मिठाचा एकेक गड्डा संपेपर्यंत कोरत गेले आणि गड्डा संपला की उरली ती पोकळी म्हणजे दालन. एवढं कळलं की प्रत्येक दालनात शिरताना 'इथे केवढा खडा होता' असा हिशेब आपोआप मनात सुरू होतो, आणि सहलीची मजा दुप्पट होते. गाइड हे सांगतो, पण एका वाक्यात, चालता चालता. निसटू देऊ नका.

खाण तेराव्या शतकापासून चालू आहे. नऊ पातळ्या, सर्वांत खोल जागा 327 मीटरवर, एकूण बोगदे 240 किलोमीटरहून अधिक. पर्यटकांना यातले साधारण साडेतीन किलोमीटर दाखवतात, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. मध्ययुगात पोलंडच्या राजाच्या तिजोरीत येणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वाटा मिठाचा होता आणि 1364 मध्ये क्राकुफचं विद्यापीठ सुरू झालं त्याचा खर्चही याच मिठावर चालला. युनेस्कोने 1978 मध्ये जागतिक वारशाची पहिलीवहिली यादी केली तेव्हा जगभरातून फक्त बारा ठिकाणं निवडली होती. त्यातलं हे एक. 1996 मध्ये इथलं व्यापारी उत्पादन थांबलं. मात्र खाणीत झिरपणारं खारं पाणी आजही गोळा करून वर काढावं लागतं आणि ते आटवून मीठ निघतं. ते हौसेसाठी नाही. पाणी उपसणं थांबलं तर खाण विरघळेल.

आता तिकीट. दोन मार्ग आहेत आणि त्यांत लोक गोंधळतात. 'पर्यटक मार्ग' दानिलोविच विहिरीतून उतरतो (खाणीच्या उभ्या विवराला इथे विहीर म्हणू). चर्च, तळी, झुंबरं सगळी यावर. 'खाणकामगार मार्ग' रेगिस विहिरीतून उतरतो. त्यात अंगावर डगला, डोक्याला हेल्मेट आणि दिवा चढवून मिथेन मोजणं, मीठ फोडणं अशी कामं करायला लावतात. तो मजेशीर आहे, पण त्यावर चर्च लागत नाही. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर पर्यटक मार्ग घ्या. दहा वर्षांपुढची उत्साही मुलं बरोबर असतील आणि हातात सबंध दिवस असेल तर दोन्ही.

एकट्याने आत फिरता येत नाही, गाइड असतोच. त्यामुळे तिकीट घेताना भाषा आणि वेळ दोन्ही निवडावी लागतात. परदेशी भाषेतलं तिकीट शंभर झ्लॉटीच्या वर जातं, पोलिश भाषेतलं त्याहून स्वस्त पडतं. चार पैसे वाचवायला पोलिश गटात शिरू नका. तीन तास एक अक्षर न कळता पायऱ्या मोजत बसाल, आणि या जागेचं निम्मं मोल माहितीत आहे. जून ते ऑगस्टमध्ये इंग्रजीच्या वेळा आधीच भरतात, तेव्हा खाणीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काही दिवस आधी आरक्षण करा. शक्यतो सकाळची पहिली वेळ किंवा दुपारी तीननंतरची. अकरा ते दोनच्या दरम्यान क्राकुफहून बसगाड्या येऊन थडकतात. मग एका गटाची शेपटी दुसऱ्या गटाच्या तोंडाला लागते, आणि पुढचा गट हलल्याशिवाय तुमचा गाइड बोलणं संपवू शकत नाही किंवा मागचा गट येतोय म्हणून थांबू शकत नाही.

एक गोष्ट ठामपणे टाळा: 'आउश्वित्झ आणि व्येलिच्का एकाच दिवशी' हे पॅकेज. आउश्वित्झ, म्हणजे नाझींची मृत्युछावणी, क्राकुफच्या पश्चिमेला साधारण 70 किलोमीटर आहे आणि तिथेच साडेतीन तास लागतात. तिथून निघाल्यावर कुणाचं मन झुंबरं बघायच्या अवस्थेत नसतं. शरीर तर नसतंच.

क्राकुफहून जायला लोकल रेल्वे सर्वांत सोपी. मुख्य स्टेशन 'क्राकुफ ग्वुव्नी' वरून शेवटच्या 'व्येलिच्का रिनेक कोपाल्न्या' या थांब्यापर्यंत पंचवीसेक मिनिटं. 'कोपाल्न्या' म्हणजे खाण, तेव्हा पाटीवर हा शब्द शोधा. तिथून पाच-दहा मिनिटं चालत. 304 क्रमांकाची बसही जाते, पण व्येलिच्का शहराच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून नुसतं शहराच्या झोनचं तिकीट चालत नाही. पुढच्या झोनचंही हवं, आणि बसमध्ये चढल्याबरोबर ते यंत्रात पंच करायचं. पंच न केलेलं तिकीट खिशात असणं म्हणजे विनातिकीट प्रवास. तपासनीस परदेशी माणूस म्हणून सूट देत नाहीत.

बॅग लहान ठेवा. 35 × 20 × 20 सेंटिमीटरपेक्षा मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, ती वर ठेवावी लागते. इथे एक खोच आहे. सहल संपल्यावर वर येण्याची जागा दरवेळी तीच नसते. गर्दी पाहून कधी दानिलोविचच्या, तर कधी रेगिसच्या लिफ्टने वर आणतात, आणि रेगिसहून पुन्हा दानिलोविचपर्यंत दहाएक मिनिटं शहरातून चालावं लागतं. परतीची गाडी अगदी मिनिटाच्या हिशेबावर ठरवली असेल आणि सामान वर ठेवलेलं असेल तर ती चुकते. सहलीचे तीन तास धरून पुढे पाऊण तास मोकळा ठेवा.

खाली उतरायला लिफ्ट नाही. सुरुवातीलाच सुमारे 380 लाकडी पायऱ्या, सात-सातच्या टप्प्यांनी, चौकोनात गरगर वळत 64 मीटर खाली. त्रास दमाचा नसतो, गुडघ्यांचा आणि गरगरण्याचा असतो. एकाच दिशेने पन्नासहून जास्त वळणं होतात. कठडा धरून उतरा, खाली मधल्या फटीत बघू नका, दर आठ-दहा वळणांनी क्षणभर थांबा. मागच्याला जाऊ द्या. त्यानंतर सबंध मार्गावर आणखी चारेकशे पायऱ्या विखुरलेल्या आहेत आणि सर्वांत खोल जागा 135 मीटरवर. वर यायला मात्र लिफ्टच आहे. गुडघे बदललेल्या किंवा चाकाच्या खुर्चीतल्या व्यक्तीसाठी लिफ्टने उतरून मार्गाचा काही भाग बघण्याची सोय होते, पण ती आधी कळवून ठरवावी लागते. दारात जाऊन विनंती करून काम होत नाही. तान्ह्या बाळाची ढकलगाडी विसरा, झोळी वापरा.

आत वर्षभर 17-18 अंश. बाहेर बर्फ असो की जुलैचं ऊन, खाली तेवढंच. पुण्याच्या डिसेंबरातल्या संध्याकाळीसारखं. एक पातळ जाकीट पुरे. बूट रबरी तळाचे हवेत, कारण मिठाची फरशी पावलांनी घासून गुळगुळीत झालेली आहे. स्वच्छतागृह वर उरकून घ्या, आत ती मोजकीच आहेत आणि पहिलं लागेपर्यंत बराच वेळ जातो.

उतरल्यानंतर लवकरच मिठात कोरलेला कोपर्निकस भेटतो. तो या खाणीत येऊन गेला अशी परंपरा आहे, पुतळा मात्र त्याच्या पाचशेव्या जयंतीचा, म्हणजे 1973 चा. लोक इथे फोटोंवर तुटून पडतात आणि पुढच्या सेंट अँथनीच्या छोट्या प्रार्थनास्थळातून घाईने निघून जातात. खरी थांबायची जागा ती आहे. हे सतराव्या शतकाच्या अखेरीचं, 1698 मध्ये इथे पहिली प्रार्थना झाली. नीट बघा: वेदीजवळच्या संतांना चेहरेच नाहीत. नाक, ओठ, बोटं, कपड्यांच्या चुण्या सगळं गोल होऊन गेलंय, चघळून ठेवलेल्या खडीसाखरेसारखं. कुणी तोडलेलं नाही. दानिलोविच विहिरीतून शतकानुशतकं वरची दमट हवा इथे येत राहिली आणि पावसाळ्यात आपल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तसं या संतांना सुटलं. पुढे याच दमटपणात पर्यटकांच्या श्वासाची भर पडली. 1989 मध्ये युनेस्कोने खाण 'धोक्यातल्या वारशा'च्या यादीत टाकली ती याच कारणाने, आणि हवेतली आर्द्रता काढणारी यंत्रणा बसल्यावर 1998 मध्ये त्या यादीतून बाहेर काढली. मार्गात अधूनमधून दुहेरी दारं लागतात आणि गाइड एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडत नाही. शिस्तीचं कौतुक म्हणून नव्हे, हवा सांभाळायची असते.

पुढे किंगाची दंतकथा पुतळ्यांमधून मांडलेली आहे. हंगेरीची राजकन्या लग्न होऊन पोलंडला येताना माहेरच्या मीठखाणीत अंगठी टाकते आणि इथे निघालेल्या पहिल्या मिठाच्या खड्यात ती अंगठी सापडते. माहेरहून मीठच घेऊन आलेली सून. गोष्ट गोड आहे, पण दालन अगदीच नाटकी दिवे लावून सजवलंय. दोन मिनिटं पुरेत.

त्यामानाने 'जळालेलं दालन' कुणाच्या फोटोत नसतं, पण खाणीची खरी भीती तिथे कळते. मिठाच्या थरांत मिथेन वायू अडकलेला असतो, तो हवेपेक्षा हलका, म्हणून छताशी साचतो. तो स्फोटाइतका साठण्याआधी जाळून टाकायला काही कामगार ओले कपडे घालून जमिनीशी सरपटत जायचे आणि लांब काठीला बांधलेली मशाल वर धरायचे. त्यांना 'प्रायश्चित्त घेणारे' म्हणत, कारण रांगताना ते तसेच दिसत. साठा अंदाजापेक्षा जास्त निघाला तर माणूस गेलाच.

लाकडाकडे लक्ष द्या. ओंडक्यांचे टेकू रचलेली दालनं, विशेषतः 35 मीटर उंचीचं मिखाऊओवित्से, ही इथली सर्वांत मोठी कारागिरी आहे. चर्चपेक्षाही मोठी, असं आमचं मत. मीठ मुरलेलं लाकूड कुजत नाही, उलट दगडासारखं घट्ट होतं. लोखंड मात्र खाऱ्या हवेत गंजून जातं, म्हणून जुन्या कामात खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या ठोकलेल्या दिसतात. टेकूंना चुना फासलेला आहे तो मिणमिणत्या दिव्यांचा उजेड परतावा म्हणून. मिठाचे ठोकळे वर ओढायला घोड्यांनी फिरवायचे प्रचंड लाकडी रहाट होते. त्यातले काही जागेवर ठेवलेत. घोडे खालीच, तबेल्यात राहायचे. शेवटची घोडी बाश्का 2002 मध्ये वर आणली.

मग येतं सेंट किंगाचं चर्च. 101 मीटर खोल, 54 मीटर लांब, बारा मीटरच्या आसपास उंच. हिरव्या मिठाचा एक गड्डा संपल्यावर उरलेल्या पोकळीत 1896 मध्ये युझेफ मार्कोव्स्की या खाणकामगाराने कोरायला सुरुवात केली, पुढे त्याचा भाऊ तोमाश आणि मग आंतोनी विरोदेक यांनी 1963 पर्यंत काम नेलं. जागा तयार करायला सुमारे 20 हजार टन मीठ काढावं लागलं. तिघेही कला महाविद्यालयात शिकलेले नव्हते. फरशी बघा: टाइल्स वाटतात, पण त्या स्वतंत्र नाहीत, खालच्याच मिठावर रेघा कोरून केलेल्या आहेत. विरोदेकचं 'अखेरचं भोजन' हे भिंतीवरचं शिल्प जेमतेम काही सेंटिमीटर खोल आहे, पण त्यातलं टेबल आणि छत कितीतरी आत गेल्यासारखं भासतं. समोरून नको, एका कडेला जाऊन बघा, म्हणजे फसवणूक कशी केलीय ते कळतं. झुंबरांचे लोलक मीठ विरघळवून पुन्हा स्फटिक करून शुद्ध केलेल्या मिठाचे, म्हणून ते काचेसारखे पारदर्शक आहेत.

इथे दहा-पंधरा मिनिटंच मिळतात. चर्चचा पूर्ण फोटो वरच्या जिन्याच्या तोंडाशी, खाली उतरायच्या आधी काढा. नंतर परत वर जाता येत नाही. फ्लॅश बंद, फोनचा नाइट मोड चालू, कोपर कठड्याला टेकवून. फ्लॅश मारला की मिठाचा हिरवा रंग जातो आणि भिंत सिमेंटची वाटते.

तळी नंतर लागतात. एराझम बारोंच दालनातल्या पाण्यात लिटरमागे सुमारे 320 ग्रॅम मीठ आहे, समुद्रात 35 असतं. म्हणजे पाण्यात आणखी मीठ विरघळूच शकत नाही आणि म्हणूनच तळ्याच्या भिंती टिकून आहेत. गोडं पाणी असतं तर तळं स्वतःचाच काठ खात गेलं असतं. 1992 मध्ये एका बोगद्यात असंच बाहेरचं पाणी घुसलं आणि वरची जमीन खचून रेल्वेमार्गाचं नुकसान झालं. पुढच्या पिऊसुद्स्की दालनात पूर्वी पर्यटकांना नावेतून फिरवत. पहिल्या महायुद्धाच्या काळात नाव उलटून ऑस्ट्रियन सैनिक तिच्याखाली अडकून मेले आणि नौकाविहार बंद झाला. इतक्या खाऱ्या पाण्यात माणूस बुडत नाही हे खरं, पण उलट्या नावेखाली तरंगून उपयोग काय? वायमार दालनात शोपँ या पोलिश संगीतकाराच्या संगीतावर दिव्यांचा खेळ दाखवतात. ठीक आहे.

अर्धा गुण शेवटच्या टप्प्यासाठी कापला. दुकानं, उपाहारगृह, परत दुकानं, आणि लिफ्टसाठी लांब चालून रांग. गर्दीच्या दिवसांत इथे अर्धा तासही जातो. त्यापेक्षा गाइडला सांगून खाणीच्या वस्तुसंग्रहालयाचा भाग करा. तो मूळ सहलीनंतर वेगळा असतो आणि दमलेले लोक तो सोडतात. तिकिटात धरलेला आहे का, ते आरक्षण करतानाच पाहून घ्या. जुने रहाट आणि हत्यारं तिथे आहेत, गर्दी नाही.

सव्वाशे मीटर खालच्या उपाहारगृहात शाकाहारी माणसाला 'पिएरोगी रुस्क्ये' चालतात. आपल्या उकडीच्या करंज्यांच्या जातीचा प्रकार, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. मात्र वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे भुरभुरायची पद्धत आहे. 'बेझ स्क्फारेक' असं आधीच म्हणा.

खरेदीत साधं खाण्याचं मीठ आणि अंघोळीचं मीठ ठीक. दिवा घेताना विचार करा. गुलाबी-नारिंगी दिवा इथल्या मिठाचा नाही, इथलं मीठ करडं असतं. आणि कुठल्याही मिठाचा दिवा मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या जुलैत टेबलावर पाणी सोडतोच. घेतलाच तर खाली बशी ठेवा, पावसाळ्यात बल्ब रोज काही तास चालू ठेवा, किंवा कोरड्या फडक्यात गुंडाळून हवाबंद पिशवीत घालून टाका. नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत त्याचाही सेंट अँथनीच्या संतांसारखा चेहरा होतो.

बंद जागेची भीती असणाऱ्यांना दालनांमध्ये त्रास होत नाही, ती फार मोठी आहेत. त्रास लिफ्टमध्ये होतो. खाणीचा जुन्या धर्तीचा पिंजरा, एकावर एक कप्पे, प्रत्येकात आठ-नऊ माणसं खांद्याला खांदा लावून, अंधार आणि खडखडाट. मिनिटाच्या आत वर येतो. दाराकडे तोंड करून शेवटी शिरा.

गर्दी अजिबात नको असेल तर क्राकुफच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर बोख्नियाची खाण आहे. ती व्येलिच्काहूनही थोडी जुनी, 1248 पासूनची, आणि 2013 मध्ये त्याच वारसास्थळात सामील केलेली. तिथे छोटी आगगाडी, जमिनीखाली नौकाविहार, आणि एका पातळीवरून दुसरीवर जायला 140 मीटरची घसरगुंडी आहे. रात्री खाणीतच झोपायची सोयही होते. कोरीवकाम कमी. लहान मुलं बरोबर असतील तर व्येलिच्का सोडून सरळ बोख्निया करा, मुलं तुम्हाला दुवा देतील.